मूत्रपिंडांवरच्या दोन ग्रंथी आणि स्टेरॉइडची गोळी

गुडघे धरले की अनेक घरांत कुठून तरी पुडी येते. जडीबुटी म्हणून दिलेली, वर नाव-गाव काही नाही, आत पांढरी पूड किंवा दोन-तीन रंगांच्या गोळ्या. चार दिवसांत दुखणं पळतं, भूक लागते, अंगात तरतरी येते. मग ती पुडी महिनोन्‌महिने चालू राहते. चेहरा भरू लागतो तेव्हा घरचे म्हणतात, तब्येत सुधारली. पुढे कधीतरी पुड्या संपतात, किंवा शहरातून आलेला मुलगा ‘आई, हे कसलं औषध घेतेस?’ म्हणत त्या फेकून देतो. थोड्याच दिवसांत आई अंथरूण धरते. उलट्या, पोटदुखी, उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधारी. सलाईन चढवूनही रक्तदाब हवा तसा वर येत नाही.

मुलाची शंका रास्तच असते. पण अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड असं एका दिवसात तोडायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते का तोडायचं नसतं, हे समजायचं तर पोटाच्या मागच्या बाजूला, मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन लहानशा ग्रंथींची ओळख करून घ्यावी लागते. पुस्तकात त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात सगळे ॲड्रिनल म्हणतात.

एकेका ग्रंथीचं वजन जेमतेम ४ ते ५ ग्रॅम. उजवी त्रिकोणी, डावी चंद्रकोरीच्या आकाराची. दोन्ही चरबीत रुतलेल्या. शेजार मूत्रपिंडाचा असला तरी त्या स्वतंत्र अवयव आहेत. जन्मतः एक मूत्रपिंड नसलेल्या माणसातही त्या बाजूची ग्रंथी बहुधा आपल्या जागी सापडते, आणि कुणी मूत्रपिंड दान केलं तर ग्रंथी मागेच ठेवली जाते.

ग्रंथी मधोमध कापली तर आत दोन रंग दिसतात. बाहेरचा जाड थर पिवळसर, कारण त्याच्या पेशींत कोलेस्टेरॉल भरलेलं असतं आणि त्याच कोलेस्टेरॉलपासून इथली संप्रेरकं बनतात. हा थर म्हणजे कॉर्टेक्स, ग्रंथीचा ८० ते ९० टक्के भाग. आतला गाभा तांबूस-तपकिरी, तो मेड्युला. गर्भात हे दोन भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. मेड्युला ज्या पेशींपासून घडतो त्या चेतासंस्थेच्या कुळातल्या. कॉर्टेक्सचा त्या कुळाशी संबंध नाही.

मग निसर्गाने त्यांना एकात एक का ठेवलं असेल? याचं एक उत्तर रक्ताच्या वाटेत मिळतं. ग्रंथीला रक्त बाहेरून मिळतं, ते कॉर्टेक्समधून झिरपत गाभ्याकडे जातं आणि एका मोठ्या शिरेतून बाहेर पडतं. म्हणजे गाभ्यापर्यंत पोचणारं रक्त कॉर्टेक्समध्ये बनणाऱ्या कॉर्टिसोल या संप्रेरकाने भरलेलं असतं. गाभ्यात नॉरॲड्रिनलिनचं ॲड्रिनलिन करणारं जे एन्झाइम आहे, ते पुरेशा प्रमाणात तयार व्हायला एवढं कॉर्टिसोल लागतंच. शेजाऱ्याकडून कच्चा माल नव्हे, तर काम करण्याची मुभा मिळावी, अशी ही रचना आहे. या ग्रंथीबद्दल मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट हीच.

शाळेत आपण ॲड्रिनल ग्रंथी शिकतो ती ॲड्रिनलिनच्या निमित्ताने. कुत्रा अंगावर आला की छाती धडधडते, घाम फुटतो, पाय पळू लागतात. हे खरंच आहे. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०१ च्या सुमारास ॲड्रिनलिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं, आणि आज मधमाशी चावून किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी येऊन माणूस कोसळला तर मांडीत दिलेलं ॲड्रिनलिनचं इंजेक्शन त्याचा जीव वाचवतं. पण जगण्याच्या दृष्टीने मोलाचा भाग बाहेरचा आहे. दोन्ही बाजूंचा गाभा गेला तरी माणूस जगतो, कारण रक्तदाब सांभाळायला चेतासंस्थेचा बाकीचा पसारा असतो. कॉर्टेक्स गेला तर औषधाशिवाय माणूस जगत नाही.

कॉर्टेक्सचे तीन थर

कॉर्टेक्समध्ये तीन थर आहेत. सगळ्यात बाहेरचा थर अल्डोस्टेरोन बनवतो. हे संप्रेरक मूत्रपिंडाला सांगतं की मीठ राखून ठेव आणि पोटॅशियम बाहेर टाक. मीठ राहिलं की पाणी राहतं, पाणी राहिलं की रक्तदाब टिकतो. सगळ्यात आतला थर पुरुषी संप्रेरकांची सौम्य रूपं बनवतो. मोठ्या पुरुषांत त्यांचं महत्त्व फारसं नाही, स्त्रियांत काखेतले व जांघेतले केस त्यांच्यामुळे येतात.

मधला थर कॉर्टिसोलचा, आणि बाकी सगळी कहाणी त्याचीच आहे. उपाशी पोटी रक्तातली साखर घसरू न देणं, सूज आवरणं, प्रतिकारशक्तीला हाताबाहेर जाऊ न देणं ही त्याची कामं. आणखी एक काम फारसं सांगितलं जात नाही: रक्तवाहिन्या ॲड्रिनलिनचं ऐकतात ते कॉर्टिसोल असेल तरच नीट ऐकतात. पुडी बंद केलेल्या आईचा रक्तदाब सलाईनने वर येत नाही, त्यामागे हे आहे.

कॉर्टिसोलला घड्याळ असतं. मध्यरात्रीच्या आसपास ते सगळ्यात कमी, पहाटे चढू लागतं आणि जाग येण्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त. म्हणून रक्ततपासणीला सकाळी आठच्या सुमारास बोलावतात, आणि म्हणूनच प्रेडनिसोलोनसारखी, म्हणजे कॉर्टिसोलसारखंच काम करणाऱ्या स्टेरॉइडची, गोळी डॉक्टर शक्यतो सकाळी, नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात. रात्री घेतली तर झोपेचा पार बोजवारा उडतो.

आता या घड्याळाला चावी कोण देतं ते पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे. तो त्याच्याखालच्या पीयूषिका ग्रंथीला, म्हणजे पिट्युटरीला, निरोप देतो. पिट्युटरी एसीटीएच नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. एसीटीएच ॲड्रिनलला गाठतं आणि कॉर्टिसोल बनू लागतं. रक्तात पुरेसं कॉर्टिसोल झालं की तेच वर मेंदूला कळवतं, आता पुरे. अल्डोस्टेरोन मात्र या साखळीवर फारसं अवलंबून नाही. ते मूत्रपिंडातून येणाऱ्या रेनिनच्या इशाऱ्यावर आणि पोटॅशियमच्या पातळीवर चालतं. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

बाहेरून आलेलं स्टेरॉइड

मोठ्या माणसाचं शरीर दिवसाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसोल बनवतं, म्हणजे प्रेडनिसोलोनच्या हिशेबात ५ मिलिग्रॅमच्या आसपास. दम्याचा जोराचा अटॅक आला की ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन देतात, म्हणजे रोजच्या गरजेच्या साधारण आठपट. ते द्यायलाच हवं, त्याने प्राण वाचतात. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन हे याच कुळातलं स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० चं नोबेल हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना या संप्रेरकांवरच्या कामासाठीच मिळालं. ल्युपस, मूत्रपिंडाचे काही विकार, अवयव प्रत्यारोपण, मेंदूवरची सूज: स्टेरॉइड नसतं तर या आजारांतले कितीतरी लोक आज आपल्यात नसते. त्यामुळे ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकून घाबरणं मला पटत नाही.

पण बाहेरून एवढं औषध आलं की मेंदूला वाटतं, कॉर्टिसोल भरपूर आहे. एसीटीएच थांबतं. रोज बाहेरून डबा येऊ लागला की घरातली चूल पेटत नाही, तसंच होतं. काही आठवड्यांत ॲड्रिनलचा मधला थर सुकून पातळ होतो. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर बाहेरचं गेलेलं असतं आणि आतलं चालू झालेलं नसतं. ग्रंथी पुन्हा कामाला लागायला महिने जातात, कधी कधी वर्षही. म्हणून डोस थोडा थोडा उतरवायचा असतो, आणि किती वेगाने ते रुग्णाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

इथे प्रमाण ध्यानात ठेवायला हवं. पाच-सात दिवसांचा कोर्स साधारणपणे थेट थांबवता येतो. धोका सुरू होतो तो तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त चाललेल्या औषधाला. दम्याच्या पंपात स्टेरॉइडचं प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि ते मुख्यतः फुप्फुसातच काम करतं. या लेखामुळे कुणी पंप सोडला तर ते मोठं नुकसान होईल. उलट ‘फक्त मलम आहे’ म्हणून दुर्लक्ष होतं ते गजकर्णावर किंवा गोरं होण्यासाठी लावल्या जाणाऱ्या मिश्र क्रीमकडे. त्यातल्या अनेकांत क्लोबेटासोलसारखं अतिशय तेज स्टेरॉइड असतं. महिनोन्‌महिने, मोठ्या भागावर, किंवा बाळाच्या लंगोटाखाली लावलं तर ते कातडीतून रक्तात उतरतं आणि त्यानेही ग्रंथी बंद पडते.

कोविडने हा धडा मोठ्या किमतीत दिला. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून दिसलं की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने फायदा होतो. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नव्हता. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मात्र सौम्य आजारालाही घरीच स्टेरॉइड सुरू झाली, साखर चढली, आणि म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, महाराष्ट्रात कितीतरी लोकांचे डोळे आणि जबडे गेले.

स्टेरॉइड दीर्घकाळ जास्त झालं की जे चित्र दिसतं त्याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. हार्वी कुशिंग या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९१२ साली अशी पहिली रुग्ण नोंदवली. चेहरा गोल व लालसर, पोट सुटलेलं, मानेमागे चरबीचा उंचवटा, आणि हातपाय मात्र काटकुळे. पोटावर, मांड्यांवर जांभळे रुंद पट्टे. जरा धक्का लागला की काळानिळा डाग. मांड्यांचे स्नायू झिजतात, त्यामुळे भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवं बसल्यावर हाताने नळ किंवा दाराची कडी धरल्याशिवाय उठता येत नाही. साधा लठ्ठपणा आणि कुशिंग यांतला फरक ओळखायला हा एक प्रश्न फार उपयोगी पडतो. सोबत साखर, रक्तदाब, ठिसूळ हाडं. बहुतेक वेळा कारण बाहेरून आलेलं स्टेरॉइडच असतं. ते नसेल तर पिट्युटरीतली छोटी गाठ हे सगळ्यात मोठं कारण, क्वचित ॲड्रिनलचीच गाठ. रात्री अकराला १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळी कॉर्टिसोल मोजतात. निरोगी शरीरात ते खाली दबतं. कुशिंगमध्ये दबत नाही.

ग्रंथीच संपते तेव्हा

१८५५ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले थॉमस ॲडिसन यांनी अकरा रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. सगळे दिवसेंदिवस खंगत गेलेले, बऱ्याच जणांची कातडी काळवंडलेली, आणि शवविच्छेदनात बिघाड सापडला तो याच ग्रंथींत. तोवर या ग्रंथी कशासाठी आहेत हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. त्यातल्या बऱ्याच रुग्णांच्या ग्रंथी टीबीने खाल्ल्या होत्या. आज पाश्चात्त्य देशांत ॲडिसनच्या आजारामागे बहुतेकदा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती असते. आपल्याकडे टीबी अजूनही कारणांच्या यादीत वर आहे, आणि हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशीही.

कॉर्टेक्सचा सुमारे ९० टक्के भाग नष्ट होईपर्यंत आजार उघड होत नाही. मग थकवा, वजन उतरणं, मळमळ, खारट खावंसं वाटणं. लोणचं, पापड, नुसतं मीठ. अल्डोस्टेरोनही गेल्यामुळे मीठ लघवीवाटे निघून जात असतं. कातडी काळवंडते, कारण कॉर्टिसोल नाही म्हणून पिट्युटरी जीव तोडून एसीटीएच बनवते, आणि ते जास्त झालं की रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींनाही जागं करतं. आपल्या सावळ्या वर्णात ‘उन्हाने काळा पडला’ म्हणून हे सहज सुटतं. पाहायची जागा चेहरा नव्हे. तळहाताच्या रेषा बघाव्यात, बोटांच्या सांध्यांवरची कातडी बघावी, तोंड उघडून हिरड्या आणि जीभ बघावी. तिथे ऊन लागत नाही. तिथे नव्याने काळे-निळसर डाग आले असतील तर तपासणी हवी.

पिट्युटरीच बिघडली, किंवा पुडीने ग्रंथी झोपली असेल, तर एसीटीएच कमी असतं. मग कातडी काळी पडत नाही. अल्डोस्टेरोनही टिकून असतं, त्यामुळे पोटॅशियम चढत नाही, आणि निदान आणखी अवघड होतं. ग्रामीण भागात याची दोन कारणं विसरू नयेत. बाळंतपणात फार रक्तस्राव होऊन पिट्युटरी मरणं हे एक. अशा बाईला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही आणि ती वर्षानुवर्षं अशक्तच राहते. दुसरं घोणस. घोणस चावून वाचलेल्या काही लोकांची पिट्युटरी रक्तस्रावाने निकामी होते आणि ते महिन्यांनी, वर्षांनी थकवा घेऊन दवाखान्यात येतात. ‘साप चावला होता का?’ हे विचारावं लागतं.

आणखी एक गोष्ट टीबीच्या रुग्णांसाठी. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध यकृताला कॉर्टिसोल भराभर मोडायला लावतं. ज्याच्या ग्रंथी आधीच टीबीने अर्धमेल्या आहेत, त्याला औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत उलट्या होऊन रक्तदाब पडू शकतो. दर वेळी ‘टीबीच्या गोळ्या पचत नाहीत’ असं समजू नये, आणि गोळ्या मनाने बंद तर मुळीच करू नयेत.

हा आजार घेऊन माणूस भरभरून जगू शकतो. जॉन केनेडी यांना १९४७ साली लंडनमध्ये ॲडिसनचं निदान झालं, १९५४ च्या पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर ते मरणाच्या दारातून परतले, आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

तान्ह्या बाळांत याचं जन्मजात रूप असतं. कॉर्टिसोल बनवणाऱ्या साखळीतलं एक एन्झाइम नसतं. कॉर्टिसोल बनत नाही आणि सगळा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. मुलीच्या बाह्य जननेंद्रियात फरक दिसतो म्हणून ती लवकर ओळखू येते. मुलगा दिसायला नेहमीसारखा असतो, घरी जातो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या, वजन घटणं, सुस्ती असं होऊन दगावू शकतो. लोक जुलाब-उलटीचा आजार समजतात. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली, तेव्हा साधारण ५,८०० बाळांत एकाला हा विकार सापडला. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी होते. प्रत्येक प्रसूतिगृहात ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण औषध स्वस्त आहे आणि बाळ पूर्ण आयुष्य जगतं.

तरुण वयातलं बीपी

अल्डोस्टेरोन जास्त बनलं की रक्तदाब वाढतो. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये हा आजार मांडला, आणि तो वाटतो तितका दुर्मीळ नाही; उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत ५ ते १० टक्क्यांना तो असू शकतो. तीन-तीन गोळ्यांनीही बीपी आवरत नाही, किंवा पोटॅशियम कमी येतं, तर रक्तातलं अल्डोस्टेरोन आणि रेनिन यांचं गुणोत्तर काढून घ्यावं. पोटॅशियम नॉर्मल असलं तरी हा आजार असू शकतो. एकाच बाजूच्या ग्रंथीत दोष असेल तर शस्त्रक्रियेने बऱ्याच जणांचं बीपी सुधारतं. घशासाठी अधूनमधून ज्येष्ठमध चघळण्यात काही नाही, पण आठवडेच्या आठवडे रोज मोठ्या प्रमाणात घेतलं तर त्यातल्या एका घटकामुळे शरीर अगदी अशाच आजारासारखं वागतं.

गाभ्याची गाठ, फिओक्रोमोसायटोमा, दुर्मीळ पण धोक्याची. अचानक डोकं फुटेल असं दुखणं, दरदरून घाम, छातीत धडधड, बीपी एकदम वर आणि मग पुन्हा ठीक. याला पुष्कळदा ‘टेन्शन’ म्हणून सोडून देतात. ॲड्रिनलिन मोडून बनणाऱ्या मेटानेफ्रिनची तपासणी रक्तात किंवा २४ तासांच्या लघवीत होते. धडधडीसाठी आधीच बीटा ब्लॉकर दिला तर बीपी भयंकर चढू शकतं. आधी रक्तवाहिन्या सैल करणारा अल्फा ब्लॉकर, मग बीटा ब्लॉकर, मग शस्त्रक्रिया, हा क्रम मोडायचा नाही.

‘ॲड्रिनल फटीग’ नावाने इंटरनेटवर पावडरी आणि लाळेच्या तपासण्या विकल्या जातात. ताणाने ग्रंथी दमून जातात असा आजार संप्रेरकतज्ज्ञ मानत नाहीत. थकवा खरा असतो. त्याचं कारण हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, झोप, मनाचं आजारपण यांत शोधावं.

घरात असा रुग्ण असेल तर

ज्यांची ग्रंथी काम करत नाही, त्यांना रोज हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन लागतं. ॲडिसनमध्ये अल्डोस्टेरोनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोनही. निरोगी शरीर तापात, अपघातात, शस्त्रक्रियेत आपोआप जास्त कॉर्टिसोल बनवतं. या माणसाला ते बाहेरून द्यावं लागतं. म्हणून तापात स्टेरॉइडचा डोस दुप्पट-तिप्पट करायचा असतो, किती आणि किती दिवस हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. दाढ काढायची असली तरी डॉक्टरांना सांगावं. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. प्रवासात गोळ्या दोन ठिकाणी ठेवाव्यात, एक पाकीट हातातल्या पिशवीत.

पाकिटात एक कार्ड असू द्या: नाव, आजार, रोजचा डोस, डॉक्टरांचा फोन, आणि मराठीत एक ओळ, ‘मला स्टेरॉइड लागतं, उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम इंजेक्शन लगेच द्या.’ उलटी झाल्यावर गोळी पोटात राहत नाही, म्हणून इंजेक्शन. घरात एक कुपी आणि सिरिंज ठेवता येते आणि मांडीत कसं द्यायचं ते घरच्या एकाने शिकून घ्यावं. दवाखाना गाठला तर कार्ड आधी दाखवा. सोडियम, कॉर्टिसोलसाठी रक्त काढून ठेवता येतं, पण रिपोर्ट येईपर्यंत इंजेक्शन थांबवायचं नसतं.